आठ महिने, एक पावसाळा आणि सात नंबरचा चाकू

मी पेन्सिल चाकूनेच तासते. शार्पनरमधून टोक आखूड निघतं आणि ६बीसारखं मऊ शिसं त्यात हटकून मोडतं. चाकूने बोटाच्या पेराएवढं शिसं उघडं ठेवता येतं, मग पेन्सिल आडवी धरून सावली भरायला मजा येते. रविवारी सकाळी बाणगंगेला, नाहीतर ससून डॉकला चित्रं काढायला जाते. सोबत सात-आठ पेन्सिली असतात आणि डब्यात एखादा पेरू. चाकूला काम एवढंच, पण ते दर आठवड्याला.

गेल्या काही वर्षांत उजव्या अंगठ्याच्या मुळाशी दुखणं सुरू झालं. आधीचा चाकू पोलादी मुठीचा होता, चपटा, एका बाजूला खिशाला अडकवायची पट्टी. दिसायला देखणा. पण पाच पेन्सिली झाल्या की ती पट्टी तळहातात रुतायची आणि अंगठ्यातून कळ यायची. फार दिवस मला वाटत होतं की दोष माझ्या हाताचाच. मग एका रविवारी मैत्रिणीने तिचा ट्रेकचा ओपिनेल, म्हणजे लाकडी मुठीचा घडीचा चाकू, दिला, आठ नंबरचा. पहिली पेन्सिल तासतानाच कळलं की मूठ बारीक असली की ती निसटू नये म्हणून आपण चिमटीत जोर लावतो, आणि दुखतो तो जोर. मूठ गोल आणि भरीव असेल तर चाकू तळहातात नुसता बसतो, धरून ठेवावा लागत नाही.

फ्रान्सच्या सावोआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये हा चाकू केला. पुढे १८९७ मध्ये त्याचे एक ते बारा नंबर ठरले, आणि आजही माप नंबरावरूनच सांगतात. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, सातचं आठ. कागदावर फरक अर्ध्या सेंटिमीटरचा, पण मूठही त्याच बेताने बदलते आणि माझ्या हाताला तो फरक मोठा होता. आठ नंबर फळाला छान, पण तासताना अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवला की टोक लांब राहायचं. मुलाचा सहा नंबर धरून पाहिला तर मुठीचं शेवटचं टोक तळहाताच्या मधोमध टोचलं. मूठ तळहाताबाहेर थोडी तरी यायला हवी. म्हणून मार्चमध्ये सात नंबर घेतला. घेणाऱ्याला माझं एकच सांगणं आहे. पातं मागाहून बघा. आधी चाकू मिटलेला असतानाच मुठीत धरा, डोळे मिटा आणि चारही बोटं आपसूक कुठे बसतात ते पाहा. बोटांना जागा शोधावी लागली तर तो चाकू तुमचा नाही.

पातं मी कार्बन पोलादाचं घेतलं. स्टेनलेसचंही मिळतं आणि मुंबईत तेच घे असं सगळ्यांनी बजावलं होतं. पण कार्बनला धार पटकन चढते. पाण्याच्या दगडावर दहा-बारा हात फिरवले की पेन्सिलीचं लाकूड लोण्यासारखं सुटतं. मे महिन्यात रोज हापूस कापला. आंब्याच्या आंबटपणाने पातं आधी डागाळलं, मग हळूहळू सगळीकडे निळसर राखाडी झालं. हा थर गंज नव्हे. उलट तो आल्यापासून पातं तांबूस गंजाला लवकर बळी पडत नाही. तरी जूनमध्ये एकदा ओल्या पिशवीत चाकू रात्रभर राहिला आणि सकाळी टोकाशी केशरी ठिपके! चूक माझीच होती. राखेने घासून काढले, खोबरेलाचं बोट फिरवलं. तेव्हापासून वापरला की पुसायचा, शिसं पुसल्याशिवाय फळाला लावायचा नाही, हा नेम.

खरी परीक्षा जुलैत झाली. मूठ बीचच्या लाकडाची, आणि ते लाकूड ओल पितं. माहीमला खाडीवरचा वारा, घरात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, तिथे लाकूड फुगणारच. खाचेत पातं असं घट्ट बसलं की नखाने उघडेना. जोर लावायला गेले तर पुन्हा तोच अंगठा. याला सावोआतल्या लोकांचीच युक्ती आहे. मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकायचं, पातं आपणहून थोडं वर येतं आणि मग दोन बोटांनी ओढता येतं. मी ओट्याच्या कडेवर ठोकते. मात्र त्याआधी मुठीवरची कडी फिरवून मोकळी केली पाहिजे. ही कडी १९५५ मध्ये आली आणि उघडं पातं जागेवर अडकवते. आताच्या चाकूंत मिटलेलं पातंही तिनेच अडकतं.

ऑगस्टमध्ये एक कोरडा आठवडा मिळाला तेव्हा खाच बारीक पॉलिश पेपरने किंचित घासली आणि चित्रांसाठी घरात असलेलं जवसाचं तेल थेंबाथेंबाने आत सोडलं. चार दिवस पंख्याखाली उघडा ठेवला. सप्टेंबरच्या सरींत पातं थोडं जड झालं, पण नखाने उघडत होतं. एक काळजी घ्या: जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून कचऱ्यात टाकू नका, ते आतल्या आत तापून पेटू शकतं. दोरीवर पसरून वाळवा.

मेट्रोने जायचं असेल तर चाकू घरी ठेवते, तपासणीत अडवतात. विमानाला फक्त चेक-इनच्या बॅगेत.

आता नोव्हेंबर. हवा कोरडी झाली तशी मूठ पुन्हा सैलावली, कडी एका बोटाने फिरते. मुठीचा मूळ पिवळसर रंग मधासारखा गडद झालाय आणि जिथे माझं मधलं बोट बसतं तिथे लाकूड बाकीपेक्षा जास्त गुळगुळीत लागतं. परवाच्या रविवारी बाणगंगेच्या पायरीवर ओळीने आठ पेन्सिली तासल्या. आठवी झाल्यावर अंगठा वाकवून पाहिला. कळ नव्हती.