फ्लायस्काय एफएस-आय६: विमान उतरवायला शिकायचं असेल तर

रिमोटचं विमान नुसतं उडवायचं नाही, तर धडपणे जमिनीवर उतरवायचं आहे, अशा माणसाने पहिला रिमोट फ्लायस्कायचा एफएस-आय६ घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. मी सांगोला तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. सुट्टीच्या दिवशी सकाळी माळावर विमान उडवते आणि सध्या बहिणीच्या मुलाला, ओंकारला, शिकवते आहे. खोकं उघडताच केलेलं हे कौतुक नाही. भरपूर वापरल्यावर लिहिते आहे.

आधी वस्तूबद्दल. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारा, ६ चॅनलचा हा रिमोट साधारण पाच हजारांच्या आसपास रिसीव्हरसकट, म्हणजे विमानात बसून सिग्नल घेणाऱ्या भागासकट, मिळतो. चॅनल म्हणजे विमानाच्या एकेका भागाला जाणारी वेगळी आज्ञा. विमानाला थ्रॉटल (मोटरचा जोर), एलरॉन (डावी-उजवीकडे कलणं), एलिव्हेटर (नाक वर-खाली) आणि रडर (नाक डावी-उजवीकडे) असे चार चॅनल लागतात, म्हणजे दोन हातचे राहतात. रिसीव्हर शक्यतो आयए६बी असलेला संच मागा, त्याला पुढे सेन्सर जोडता येतो. रिमोटमध्ये चार पेन्सिल सेल बसतात आणि ते बरेच दिवस पुरतात.

आमचं विमान घरचंच आहे. नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून आणलेल्या सनपॅकच्या (पोकळ प्लॅस्टिकच्या) शीटचं, पंख वर असलेलं, बॅटरीसकट किलोच्या आत बसणारं. २२१२ मापाची १००० केव्ही (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला साधारण हजार फेरे) मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा भाग), तीन सेलची २२०० एमएएचची लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी. शिकायला असंच विमान हवं: वजन पंखाखाली लोंबणारं, पंख किंचित वर उचललेले, आणि तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या पंचवीस ते तीस टक्क्यांच्या मध्ये. तोल मागे गेला तर कितीही महागडा रिमोट आणा, काही उपयोग नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. विमान खाली येतंय असं दिसलं की नवशिक्याचा हात आपोआप एलिव्हेटर ओढतो. नाक वर जातं, वेग पडतो, आणि जमीन दोन पुरुष खाली असताना एक पंख टाकून विमान आपटतं. वर्गात मी हे हाताच्या तळव्याने दाखवते. पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशी असलेला कोन साधारण १५ अंशांच्या पुढे गेला की वरून वाहणारी हवा पंखाला धरून राहत नाही आणि उचल तुटते. यालाच स्टॉल म्हणतात. म्हणून उतरताना एलिव्हेटरने वेग सांभाळायचा आणि थ्रॉटलने उंची कमी करायची. हे डोक्यात चटकन शिरतं, अंगठ्यात शिरायला मात्र वेळ लागतो.

आणि इथेच हा रिमोट मला आवडतो. माझ्या रिमोटच्या थ्रॉटलच्या दांडीला बारीक खटके आहेत. काहींना ते नकोसे वाटतात, ते आतली पट्टी सैल करून घेतात. शिकणाऱ्याने तसं करू नये. नजर विमानावर खिळलेली असताना डाव्या अंगठ्याला खटके मोजता येतात. ओंकारला मी डोळे मिटून थ्रॉटल अर्ध्यावरून पाववर आणायला लावलं, न बघता. ते जमल्यावरच माळावर नेलं.

दुसरी मोठी सोय म्हणजे मागच्या बाजूचं ट्रेनरचं सॉकेट. एका केबलने दोन एफएस-आय६ जोडायचे, माझ्या मेनूत ट्रेनर मोड चालू, ओंकारच्या मेनूत स्टुडंट मोड चालू, आणि कुठला स्विच वापरायचा ते ठरवायचं. स्विच टाकला की विमान त्याच्या हातात, परत घेतला की माझ्या हातात. दोन्ही रिमोटचे ट्रिम (दांडी मध्यावर असताना विमान सरळ राहावं म्हणून केलेली बारीक जुळवणी) आधी जुळवून घ्या, नाहीतर ताबा बदलताना विमान झोला खातं. ओळखीतल्या कुणाकडून दुसरा रिमोट तासाभरासाठी मागून आणता आला तरी चालेल, पण सुरुवात केबलशिवाय करू नका, असा माझा आग्रह आहे.

मागच्या रविवारचं सांगते. बाजरी निघालेलं रान, कडेला डाळिंबाची बाग, वारा अगदी मंद. ओंकारने वाऱ्याच्या दिशेने विमान लांब नेलं, वळवलं, पुन्हा वळवून वाऱ्याच्या तोंडावर आणलं. आता विमान सरळ आमच्याकडे येत होतं, म्हणजे डावं-उजवं उलटं दिसणार. त्यावर माझी एकच सूचना असते: जो पंख खाली पडलेला दिसेल त्याच बाजूला दांडी द्यायची, म्हणजे तो उचलला जातो. बागेच्या कडेवरून येताना त्याने थ्रॉटल थोडा जास्तच कमी केला आणि नाक वर व्हायला लागलं.

"मावशी, घेतेस का?"

"नाही घेत. एलिव्हेटर सोड. खटका वाढव."

त्याने दांडी सोडली, मोटरचा आवाज जरासा चढला, नाक खाली बसलं आणि विमानाने वेग धरला. जमीन गुडघाभर राहिल्यावर त्याने थ्रॉटल पूर्ण बंद केला आणि एलिव्हेटर हळूहळू, जणू नाइलाजाने, मागे आणत नेला. मागची दोन्ही चाकं आधी टेकली, नाकाचं चाक नंतर. माझं बोट स्विचवरच होतं, पण तो हलवावा लागला नाही. मला इतका आनंद झाला की पुढची बॅटरी लावायला आम्ही बराच वेळ घेतला.

एलरॉन आणि एलिव्हेटरसाठी ड्युअल रेट (दांडीचा एकूण परिणाम कमी करणारी सोय) व एक्स्पो (मध्याजवळ दांडी मवाळ करणारी सोय) आहेत, ते नवशिक्याला नक्की लावून द्या. मेनूत आकडा बदलताना पडद्यावर वक्र दिसतो. तो मध्यावर सपाट झाला पाहिजे, म्हणजे दांडी किंचित हलली तर विमानही किंचितच हलतं. थरथरणाऱ्या अंगठ्याला याने फार आधार मिळतो. फेलसेफही स्वतः बसवावं लागतं: सिग्नल तुटला तर थ्रॉटल शून्यावर. बसवल्यावर प्रॉप (मोटरवरचा पंखा) काढून, रिमोट बंद करून एकदा खात्री करा. पावसाळ्यात याच रिमोटला यूएसबी केबल लावून पिकासिम हा मोफत सिम्युलेटर चालवता येतो. मी ओंकारकडून त्यात फक्त उतरण्याचाच सराव करून घेतला, कसरती नाहीत.

काही गोष्टी मात्र आधीच माहीत असाव्यात. मेनूत केलेला बदल जपून ठेवायचा तर ‘कॅन्सल’चं बटण दाबून धरावं लागतं. जपून ठेवायला कॅन्सल, हे उलटं वाटतं, पण सवय होते. माझ्या रिमोटमध्ये टायमर नाही. त्यामुळे मी मोबाइलवर सहा मिनिटांचा गजर लावते. बॅटरी त्याहून जास्त चालते, पण पहिल्यांदा नीट जुळून आलं नाही तर थ्रॉटल देऊन पुन्हा फेरी मारण्यापुरता जीव तिच्यात शिल्लक राहायला हवा.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पडद्यावर रिसीव्हरचा व्होल्टेज दिसतो, सुमारे ५. तो विमानाच्या बॅटरीचा आकडा नाही. ईएससीकडून रिसीव्हरला मिळणारा तो पुरवठा असतो आणि लिपो रिकामी होत आली तरी तो तसाच राहतो. बॅटरीचा खरा आकडा हवा असेल तर वेगळा सेन्सर लागतो. तो नसेल तर बॅटरीच्या छोट्या पांढऱ्या प्लगला दोनशे रुपयांच्या आतला बझर लावा आणि तो सेलमागे ३.५ व्होल्टवर वाजेल असा ठेवा. दिवसभराचं उडवणं झालं की सेल ३.८ च्या आसपास आणून मगच बॅटरी कपाटात ठेवायची.

जागेबद्दल थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ लागू झाल्यापासून डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आपली जागा हिरव्या (परवानगी न लागणाऱ्या) पट्ट्यात आहे का ते आधी बघायचं आणि ४०० फुटांच्या आत राहायचं. विमानतळाच्या जवळपास राहणाऱ्यांना मोकळं रान मिळालं तरी उपयोग नाही, थोडं लांब जावं लागेल. वेळ सकाळचीच बरी. नऊनंतर माळ तापतो, खालून हवा उसळते आणि टेकायच्या बेतात असलेलं विमान पुन्हा वर उचललं जातं.

ज्यांना पुढे जेट किंवा मोठे ग्लायडर उडवायचे आहेत, त्यांना सहा चॅनल अपुरे पडतील. त्यांनी सरळ जास्त चॅनलचा, टायमर असलेला रिमोट पाहावा. बाकी सगळ्यांनी हा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत ट्रेनर केबल, बझर, चार जादा प्रॉप आणि दुसरी बॅटरी घ्यावी. प्रॉप १०×४.५ इंचांचे, आणि नटही दोन जादा.