लेखनाची शिस्त आणि प्रकाशनाचा हिशेब: ब्रॅण्डन सँडरसन यांची मोफत व्याख्यानमाला

अमेरिकी फँटसी कादंबरीकार ब्रॅण्डन सँडरसन यूटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात कादंबरीलेखनाचा वर्ग घेतात. या वर्गातील २०२० सालच्या व्याख्यानांचे चित्रीकरण यूट्यूबवर विनामूल्य उपलब्ध आहे. लेखनकौशल्य शिकवणाऱ्या सशुल्क कार्यशाळांची आणि ऑनलाइन अभ्यासक्रमांची आज मराठीतही वाण नाही. परंतु कथानकरचनेपासून प्रकाशनाच्या करारापर्यंतचा प्रवास इतक्या मोकळेपणाने मांडणारे दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही, आणि म्हणूनच या मालिकेची सविस्तर ओळख करून द्यावीशी वाटते.

हा वर्ग पूर्वी कादंबरीकार डेव्हिड फार्लंड घेत असत आणि सँडरसन तेथे विद्यार्थी होते. आपल्याला तेथे जे मिळाले ते पुढच्यांना द्यावे, ही भावना त्यांच्या शिकवण्यात सतत जाणवते. कथानक, दृष्टिकोन (म्हणजे कथा कोणाच्या नजरेतून सांगायची), विश्वनिर्मिती (म्हणजे कथेतल्या काल्पनिक जगाची रचना), पात्ररचना आणि प्रकाशन असे विषय क्रमाने येतात. लघुकथेवरील व्याख्यान विज्ञानकथा आणि फँटसी लिहिणाऱ्या अमेरिकी लेखिका मेरी रॉबिनेट कोवाल यांनी दिले आहे आणि ते स्वतंत्रपणेही ऐकण्याजोगे आहे. कथानकाच्या भागात लेखकाने वाचकाला सुरुवातीला दिलेले वचन, त्या दिशेने होत असल्याचे जाणवणारी प्रगती आणि शेवटी होणारी पूर्तता या तीन टप्प्यांचे विवेचन आहे. जादूविषयीचे त्यांचे नियम फँटसीच्या वाचकांना परिचित असतील: जादू वाचकाला जितकी समजली असेल, तितक्याच प्रमाणात लेखकाला तिच्या बळावर संकटे सोडवता येतात, आणि जादूच्या सामर्थ्यापेक्षा तिच्या मर्यादा अधिक रंजक असतात. हे विवेचन उत्तम आहे. तरीही तंत्राचा हा भाग इतरत्र, थोड्या वेगळ्या शब्दांत का होईना, मिळू शकेल.

या मालिकेचे खरे मोल आहे ते लेखक दिवसभर प्रत्यक्षात काय करतो, हे ती सांगते यात. विद्यार्थिदशेत सँडरसन यांनी एका हॉटेलच्या स्वागतकक्षात रात्रपाळीची नोकरी धरली, कारण रात्री गिऱ्हाईक नसताना तेथे लिहिता येत असे. त्यांची पहिली प्रकाशित कादंबरी ‘एलान्ट्रिस’ ही त्यांनी लिहिलेली सहावी कादंबरी होती. टॉर या प्रकाशनसंस्थेकडे दिलेल्या त्या हस्तलिखिताला सुमारे दीड वर्षाने, २००३ साली होकार आला, तोवर त्यांची तब्बल बारा-तेरा हस्तलिखिते लिहून झाली होती. पुस्तक बाजारात आले २००५ साली. होकाराची वाट पाहत हातावर हात ठेवून न बसता पुढचे पुस्तक सुरू करणे, ही त्यांची सवय तेव्हापासूनची आहे. पुढे फँटसी कादंबरीकार रॉबर्ट जॉर्डन यांच्या २००७ मधील निधनानंतर त्यांची अपुरी राहिलेली ‘व्हील ऑफ टाइम’ मालिका पूर्ण करण्यासाठी जॉर्डन यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी सँडरसन यांची निवड केली, आणि शेवटचे तीन खंड २००९ ते २०१३ या काळात प्रसिद्ध झाले. इतक्या मोठ्या कामाला रोजच्या लेखनाची बैठक पक्की असावी लागते.

ती बैठक कशी, हेही त्यांनी वेळोवेळी सांगितले आहे. ते दुपारी लिहायला बसतात, संध्याकाळ कुटुंबासाठी राखून ठेवतात आणि रात्री उशिरा पुन्हा बसतात. दिवसाला साधारण दोन ते अडीच हजार शब्द होतात. कथानकाचा आराखडा ते शेवटाकडून सुरुवातीकडे रचतात, म्हणजे कोठे पोहोचायचे ते आधी ठरवून तेथवर नेणाऱ्या पायऱ्यांची टिपणे काढतात. पात्रे मात्र लिहिता लिहिता सापडू देतात. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ‘आराखडा करणारे’ आणि ‘सुचेल तसे लिहिणारे’ अशी लेखकांची सरसकट विभागणी करण्याची आपली जी रीत आहे, ती त्यामुळे मोडीत निघते. प्रत्येक खर्ड्याला ते क्रमांक देतात, प्रत्येक फेरीत काय दुरुस्त करायचे ते आधी ठरवतात, आणि शेवटच्या हातात मजकुराचा सुमारे दहावा भाग छाटण्याचा प्रयत्न करतात.

प्रकाशनाविषयीची शेवटची व्याख्याने ऐकताना त्यांच्या आधी आणि २०२० नंतर काय घडले ते माहीत असावे, म्हणजे त्यांतील विचारांची दिशा स्पष्ट होते. ‘वॉरब्रेकर’ ही कादंबरी लिहीत असतानाच तिचे खर्डे सँडरसन यांनी आपल्या संकेतस्थळावर मोफत वाचायला दिले होते, आणि तरीही २००९ मध्ये ती छापील रूपात रीतसर प्रसिद्ध झाली. महासाथीच्या काळात प्रवास थांबल्यावर त्यांनी कोणालाही न सांगता लिहिलेल्या चार कादंबऱ्यांसाठी १ मार्च २०२२ रोजी किकस्टार्टर या लोकवर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळावर आगाऊ नोंदणी सुरू झाली. महिनाभरात १,८५,००० हून अधिक लोकांनी मिळून ४ कोटी १७ लाखांहून अधिक डॉलर दिले आणि २०२३ मध्ये चारही पुस्तके वाचकांच्या हाती पडली. आपल्याकडील प्रकाशनपूर्व सवलतीच्या नोंदणीचेच हे प्रचंड रूप आहे. याच पुस्तकांच्या श्राव्य आवृत्त्या त्यांनी ऑडिबल या श्राव्य पुस्तके विकणाऱ्या कंपनीला सुरुवातीला दिल्या नाहीत, कारण लेखकांना मिळणारा वाटा त्यांना अन्यायकारक वाटत होता. अटी सुधारण्याचे ठरल्यावर ते नंतर राजी झाले. प्रकाशकाशी संबंध मात्र त्यांनी तोडले नाहीत. त्या चारपैकी ‘ट्रेस ऑफ द एमराल्ड सी’ २०२३ मध्येच टॉरनेही बाजारात आणली. वाटाघाटीचे हे बळ त्या रोजच्या दोन हजार शब्दांतून आले आहे, आणि व्याख्यानांत लेखनाची शिस्त व प्रकाशनाचा व्यवहार एकाच ओघात शिकवला जातो तो त्यामुळेच.

उणिवा आहेत. एजंट (लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी व्यवहार करणारा मध्यस्थ), आगाऊ मानधन, हार्डबॅक आणि पेपरबॅकमधील अंतर यांवरचे सारे विवेचन अमेरिकी बाजाराला धरून आहे. मराठीत साहित्यिक एजंटाचा व्यवसाय जवळपास नाहीच, आगाऊ मानधन विरळा आणि आवृत्ती बहुधा काही शे ते हजार प्रतींची, त्यामुळे तो भाग जसाच्या तसा उचलता येणार नाही. करारात कोणते हक्क दिले जात आहेत, छापील, ई-पुस्तक, श्राव्य आणि अनुवाद यांचे हक्क वेगवेगळे कसे राखावेत, हे प्रश्न मात्र येथील लेखकालाही तितकेच लागू पडतात, आणि नवोदितांकडून खर्च घेऊन पुस्तक काढण्याचा प्रकार सर्रास चालत असताना त्यांचा विचार आपल्याकडे फार कमी होतो. सँडरसन भराभर बोलतात. इंग्रजी ऐकण्याचा सराव नसल्यास उपशीर्षके सुरू ठेवावीत आणि गती थोडी कमी करावी. उदाहरणे बहुतेक इंग्रजी पुस्तकांची आणि चित्रपटांची असल्याने काही संदर्भ निसटतात. शैलीविषयी, वाक्याच्या घडणीविषयी फारसे काही हाती लागत नाही, आणि भाषेवर प्रेम करणाऱ्या वाचकाला ही उणीव बोचेल.

फँटसी लिहायची नसली तरी पहिले व्याख्यान आणि प्रकाशनावरची व्याख्याने प्रत्येक नव्या लेखकाने ऐकावीत. विश्वनिर्मितीचे भाग त्यानंतर, हातात स्वतःचा काही मजकूर तयार झाल्यावर ऐकले, तर अधिक उपयोगी पडतील.