मेरू की किलिमांजारो?

टांझानियाला जायचं म्हटलं की सह्याद्रीत भटकणाऱ्या आपल्या मंडळींच्या तोंडी पहिलं नाव किलिमांजारोचं येतं. मीही आधी तिथेच गेलो, मारांगूच्या वाटेने. दोन वर्षांनी आरुशा नॅशनल पार्कातला मेरू हा डोंगर केला. "डोंगरही चढायचाय आणि प्राणीही पाहायचेत" असं कुणी म्हणालं, तर माझा कौल आता मेरूकडे झुकतो.

किलिमांजारोचं मोठेपण वादातीत आहे. 5,895 मीटर, आफ्रिकेचा माथा! पण प्राणी म्हणाल तर मला खालच्या जंगलात माकडं दिसली आणि होरोंबोच्या मुक्कामी पांढऱ्या मानेचे डोमकावळे डब्याभोवती घोटाळत होते, एवढंच. हत्ती आणि रानरेडे त्या डोंगरावरही आहेत, पण नेहमीच्या वाटेवर ते भेटतील या भरवशावर जाऊ नये.

मला खरी खटकली ती शेवटच्या रात्रीची रांग. किबो हट या शेवटच्या मुक्कामावरून मध्यरात्री निघालो. दोन पावलं वर टाकावी तर एक खाली, असा घसारा. त्याचं काही नाही, घसारा आपल्या पायाखालचा असतो. पण पुढे डोक्यावरच्या दिव्यांची लांबच लांब माळ. ती थांबली की आपणही थांबायचं. "पोले पोले", म्हणजे हळूहळू, हा तिथला मंत्र आणि त्या उंचीवर तो योग्यच आहे. मला नडलं ते थांबणं. चालताना अंगात ऊब राहते. चार-पाच मिनिटं उभं राहिलं की बोटं बधिर. पाण्याच्या नळीत बर्फ धरला. उजाडेपर्यंत डोंगर असा पाहिलाच नाही, पुढच्याच्या बुटांच्या टाचा तेवढ्या पाहिल्या. गर्दीचा हंगाम टाळलात तर कदाचित तुम्हाला असं होणार नाही.

मेरूवर बंदूकधारी रेंजर सक्तीचा, आणि ती बंदूक शोभेची नाही. मोमेला गेटपासून तासाभरात त्याने हात वर केला आणि आम्ही जागच्या जागी थबकलो. पन्नासेक पावलांवर रानरेडा. पाठीवर दोन पक्षी, नाक ओलं, जबड्यातलं गवत चघळायचंही थांबलेलं. मध्ये जीप नाही, काच नाही. तो वळून झुडपात शिरला, तेव्हा पलीकडे बाभळींच्या शेंड्यांना तोंड लावलेले तीन जिराफ दिसले. सिंह मात्र या पार्कात नाहीत. ते हवेतच असतील तर आरुशाहून तारांगिरे नॅशनल पार्कला एक दिवस काढा.

रेंजर सगळ्यांना मिळून एकच, त्यामुळे गेटवर ताटकळावं लागतं. मी दीड तास बसलो, पण उन्हात, गवतावर. त्याचं काही वाटलं नाही.

उंची साडेचार हजार मीटरच्या थोडी वर, म्हणून मेरूला हलक्यात घेऊ नका. माथ्याच्या वाटेवरच्या ऱ्हायनो पॉइंटनंतरचा कातळटप्पा बर्फ असेल तर निसरडा होतो. पुढे सगळी ज्वालामुखीच्या विवराच्या काठाची धार. खाली राखेचा शंकू, आणि सूर्य उगवतो तो किलिमांजारोच्या बाजूने. दोन्ही करायचे असतील तर आधी मेरूच करा, शरीर उंचीला सरावतं.

मेरू तीन दिवसांत उरकणारेही आहेत. शक्य असेल तर चौथा ठेवा आणि उतरताना मिरियाकांबा हट या खालच्या मुक्कामावर रात्र काढा. गुडघ्यांना विसावा मिळतो आणि ढग नसतील तर संध्याकाळी समोर किलिमांजारो दिसतो.