शीशमचा चॉपिंग बोर्ड, आठ महिन्यांनंतर: सगळं ठीक, पण ती टकटक!

फेब्रुवारीत घेतला, ११५० रुपये. साईज वगैरे सगळ्यांना माहितीये, ते सोडा. पहिले चार महिने याचं इतकं कौतुक केलं की धाकट्या जावेलाही घ्यायला लावला. आधीच्या बांबूच्या बोर्डवर सुरी लवकर बोथट व्हायची, काचेचा तर विचारूच नका, कांदा कापताना दात शिवशिवतात. यावर सुरी छान बसते. हळदीचे डाग पडतात, पडू देत.

मग आला जुलै. मुंबईत जुलैत मीठ पाझरतं, दारं फुगून बसतात, हा कसा मागे राहील. सकाळी साडेसहाला डब्याची फरसबी चिरायला घेतली तर टक. परत टक. खाली वाकून बघते तर पोट ओट्याला टेकलंय आणि दोन्ही लांब कडा वर, खालून पाच रुपयाचं नाणं आरामात जातंय. घरात सगळे झोपलेले आणि मी प्रत्येक शेंगेला टक. डोकं उठलं.

कस्टमर केअरला तीन फोन. "मॅडम, वॉटर डॅमेज वॉरंटीत येत नाही." अहो मग चॉपिंग बोर्ड धुवायचा नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवायचा? तेव्हाच एक स्टार देऊन इथे शिव्या घालणार होते.

पण बिल्डिंगमध्ये एकांकडे फर्निचरचं काम चालू होतं, त्या सुतारकाकांना दाखवला. त्यांनी बोर्ड उभा धरून आखूड कडेवर बोट ठेवलं. "ताई, हे अर्धगोल दिसतायत ना? अशी रुंद अख्खी फळी वाकणारच. पट्ट्या जोडलेला घ्यायचा, तो सरळ राहतो." आणि मी? 'अखंड लाकूड' वाचून चारशे रुपये जास्त मोजलेले, कारण ७५०चा जोडकामाचा मला तुकड्यांचा वाटला!! ते चारशे अजून खुपतायत.

थोडी चूक माझीही आहे, मान्य. धुतला की ओल्या ओट्यावर आडवा टाकायचे. वरची बाजू पंख्याखाली सुकते, खालची ओलीच राहून फुगते, मग वाटीसारखा होणारच ना. काकांनी सांगितलं तसा उलटा करून, म्हणजे खोलगट बाजू खाली, ओल्या फडक्यावर ठेवला आणि वर पाण्याने भरलेला कुकर. दुसऱ्या दिवशी बराचसा सरळ! मग उभा करून नीट वाळवला आणि दोन्ही बाजूंना तेल, आखूड कडांना जास्त कारण तिथूनच लाकूड पाणी पितं. शेंगदाणा तेल नका लावू, खवट होतं. केमिस्टकडचं लिक्विड पॅराफिन आणा, पोट साफ व्हायला देतात तेच. त्याने भर गर्दीत विचारलं, कोणासाठी, मोठ्यांना का लहान मुलांना? म्हटलं बोर्डाला.

सासूबाई हे सगळं विळीवर बसून बघत होत्या. "हिला चाळीस वर्षांत ना तेल लागलं ना फोन."

आता ऑक्टोबर. बोर्ड मिक्सरमागे उभा असतो, महिन्यातून एकदा तेल. डाव्या कोपऱ्यात बारीक टक आहेच, खाली नॅपकिन घालते. एकाचे साडेतीन स्टार केलेत, त्या "मॅडम मॅडम"चा एक कापलाय. आणि जावेने माझं ऐकून बोर्ड घेतला खरा, पण पैसे वाचवायला पट्ट्यांचा घेतला. परवा तिच्याकडे जाऊन मुद्दाम ओट्यावर दाबून बघितला. हलला नाही.