वाचून दाखवणारा स्कॅनर पेन: डिस्लेक्सिया असलेल्या मुलासाठी घ्यावा का?

छापील ओळीवरून पेन सरकवला की तो मजकूर इअरफोनमधून वाचून दाखवतो. डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्यातली अडचण. धडा ऐकून समजतो, पण अक्षरं जुळवतानाच दमछाक होते, अशा मुलाला याचा खरा आधार मिळतो. दर वेळी कुणाला 'वाचून दाखव ना' म्हणावं लागत नाही, हे फार मोठं आहे.

हात बसायला मात्र वेळ लागतो. पहिल्या शब्दाच्या जरा आधी टोक टेकवायचं, शेवटचा शब्द ओलांडूनच उचलायचं. घाईत उचललं की शेवटचं अक्षर तुटतं आणि भलताच शब्द ऐकू येतो. जाड पुस्तकाच्या शिवणीजवळ कागद वाकतो, तिथे चुका वाढतात. हस्ताक्षरासाठी यावर विसंबू नका. मराठीसाठी घेताना जोडाक्षरं, रफार, उकार असलेली पाठ्यपुस्तकातली ओळ दुकानातच वाचवून बघा. पेनच्या भाषांच्या यादीत मराठीचं नाव असणं पुरेसं नाही. परीक्षेसाठी सहसा शब्दांचे अर्थ सांगणारा शब्दकोश नसलेलं मॉडेल लागतं, परीक्षा घेणाऱ्यांची लेखी परवानगीही.

पेन वाचायला शिकवत नाही. ध्वनी आणि अक्षराची सांगड घालणारा नियमित सराव वेगळा हवाच. आणि खरेदीआधी तज्ज्ञांकडून मुलाचं मूल्यांकन: नजर, श्रवण, ध्वनिभान (शब्दातले आवाज वेगळे ओळखणं), निरर्थक शब्दांचं वाचन (अंदाज न करता अक्षरं जुळवता येतात का, ते कळायला), वाचनाचा वेग, शुद्धलेखन. अहवालात ऐकून होणारं आकलन वाचून होणाऱ्या आकलनापेक्षा स्पष्टपणे वरचढ असेल, तर जरूर घ्या. ऐकूनही अर्थ लागत नसेल, तर अडचण दुसरीकडे आहे. तिथे पेन कामाचा नाही.