‘ज्योती’ की ‘दीपक’?

पुण्याला समुद्र नाही. पण खडकवासल्याला एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), लोणावळ्याला आयएनएस शिवाजी ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था. त्यामुळे नौदलावर वाद घालणारे इथे पैशाला पासरी. विमानवाहू नौकांवर सगळेच बोलतात, त्यांच्या ताफ्याला भर समुद्रात तेल-पाणी पुरवणाऱ्या जहाजांकडे कुणी बघत नाही.

अशा पुरवठा जहाजांपैकी आयएनएस ज्योती रशियातल्या सेंट पीटर्सबर्गची. मुळात व्यापारी टँकरचा आराखडा, नौदलासाठी बदलून घेतलेला. 1996 मध्ये सेवेत आली. पूर्ण भारात वजन सुमारे 36,000 टन, म्हणजे पोट मोठं. पण वेग 15-16 नॉट, म्हणजे तासाला जेमतेम 28-30 किमी. युद्धनौका त्याहून कितीतरी वेगवान. ज्योती सोबत असली की ताफ्याला तिच्या चालीने जावं लागतं.

2011 ची आयएनएस दीपक इटलीच्या फिनकांतिएरीने बांधली. वजन 27,500 टन, वेग 20 नॉट, दुहेरी तळ आणि भिंती असल्याने तेलगळतीचा धोका कमी. एकाच वेळी चार जहाजांना इंधन देऊ शकते. माझं मत सरळ दीपकच्या बाजूने: युद्धात मागे पडणारा साठा काय कामाचा?

टिकण्याबाबत मात्र ज्योतीला नावं ठेवता येणार नाहीत. आधीची, जुनी दीपक 1967 ते 1996 चालली, आणि ज्योतीही 2026 मध्ये तिशी गाठते. पुढची सोय म्हणून 2023 मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डला 44,000 टनांच्या 5 नव्या जहाजांचं काम दिलं आहे.