गोदाघाट की महापालिकेची शाळा?

शेजारचे काका नुकतेच निवृत्त झाले. आठवड्यातले दोन तास समाजासाठी द्यायचेत, पण गोदाघाटावर स्वच्छतेला जावं की महापालिकेच्या शाळेत मुलांचं वाचन घ्यावं, इथे अडलंय.

वेळ: घाटावर मोकळीक जास्त. जमेल त्या सकाळी जायचं. विसर्जनाच्या दिवशी मात्र निर्माल्य गोळा करता करता रात्र होते. शाळेत ठरलेला वार चुकवून चालत नाही, मुलं वाट पाहतात.

खर्च दोन्हीकडे किरकोळ: हातमोजे किंवा गोष्टींची पुस्तकं.

मेहनत: पायऱ्या शेवाळाने निसरड्या. हारातला दोरा वेगळा, प्लास्टिक वेगळं, तरच फुलांचं खत होतं. तासभर वाकून कंबर धरते. 2027च्या सिंहस्थाची गर्दी पाहता तिथे हात लागणारच आहेत, पण गुडघे दुखणाऱ्यांचे नकोत.

परिणाम: घाट तासाभरात लख्ख दिसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तरी जेवढं प्लास्टिक उचललं, तेवढं नदीत गेलं नाही. शाळेत उलट. जोडाक्षर आलं की अडखळणारी मुलगी कित्येक आठवडे अडखळतेच आणि एक दिवस अख्खं पान न थांबता वाचते. भरलेल्या वर्गात शिक्षकांना प्रत्येकाजवळ बसणं शक्य नसतं. माझा कल म्हणूनच इकडे.

पाय धड आहेत, पण वेळेचा भरवसा नाही, त्यांनी घाटावर जावं. दर आठवड्याला नक्की येणाऱ्या, धीराच्या माणसाने शाळा धरावी. काकांनी मुख्याध्यापकांना भेटून रीतसर परवानगी घ्यावी.